जाळीतला मोजा

यानातल्या माझ्या झोपायच्या कप्प्यात डोक्याशीच पंखा घरघरायचा. तिसऱ्या दिवशी वैतागून मी जाळीत मोजा कोंबला आणि गाढ झोपलो.

शेजारच्या कप्प्यातल्या मृण्मयीचं डोकं त्याच आठवड्यात ठणकायला लागलं. हातून चुका व्हायला लागल्या. यानाबाहेर पडून दुरुस्ती करण्यासाठी तिनं आठ वर्षं सराव केला होता; तिच्याऐवजी मला पाठवलं.

परतीच्या आवराआवरीत मोजा उपसला, तेव्हा जाळीवरची अक्षरं दिसली: 'शेजारच्या कप्प्याची हवा'. अवकाशात पंखा नसेल तर सोडलेला श्वास तोंडापाशीच साचतो आणि डोकं ठणकायला लागतं, हे मला पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी मृण्मयी तरंगत आली. "डोकं दुखायचं थांबलं बघ. घरी जायच्या नुसत्या विचारानं."

"हो ना," म्हणत मी खिशातला मोजा आणखी आत ढकलला.