मेढीपाशी रेंज

फोन वाजला तेव्हा धाकलूमामांच्या हातात भाताची भरलेली पहिली पायली होती, आणि खळ्यावर कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं.

वाजत होता तो हर्षालीचा. रास मोजायला घेतली की मोजणाऱ्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही, आणि मोजणाऱ्यानेही आकड्याशिवाय काही बोलायचं नाही. बोललं की राशीची बरकत गेली. लग्न होऊन धसईवरच्या या वाडीत आली, तेव्हा सासऱ्यांनी, धाकलूमामांनीच, तिला सांगितलेली ही पहिली गोष्ट. आणि आता तिच्या हातातला मोबाइल गळा काढून ओरडत होता. पळून जावं तरी कुठे? अख्ख्या वाडीत रेंज मिळायची ती फक्त इथे, खळ्याच्या मधोमध रोवलेल्या खांबाला, मेढीला, पाठ टेकून उभं राहिलं तर.

फोन पुण्याच्या कंपनीचा होता. सॉफ्टवेअरची एवढी मोठी कंपनी, की तिचं नाव शहापूरला हर्षालीच्या माहेरीही ठाऊक होतं. लेखी परीक्षा तिने कल्याणला जाऊन दिली, पास झाली. मग मुलाखतीचा फोन आला तो ओट्यावर, आणि ‘हॅलो’ म्हणेपर्यंत तुटला. मुरबाडच्या सायबर कॅफेत बसून तिने माफीचा मेल केला, तेव्हा कुठे दुसऱ्यांदा वेळ मिळाली. तिसऱ्यांदा मिळणार नव्हती.

सकाळी तिने मामांच्या कानावर घातलं होतं. “मामा, अकराला माझा फोन येईल.”

“तवर उरकंल गो सगला,” मामा म्हणाले होते. पण वाराच पडला. उफणणी लांबली, आणि मोजायला बसायला अकरा वाजले.

तिने मामांकडे पाहिलं. विचारायची सोय नव्हती, त्यांना उत्तर द्यायची नव्हती. ते पायलीकडेच बघत राहिले. दीर हनुमान पोत्याचं तोंड उघडं धरून तसाच थिजला. सासूच्या, मालूआत्याच्या, कडेवर रविना होती. दीड वर्षाची पोर, तिला मात्र रास कळत नव्हती, फोन कळत होता. तिने आईकडे हात पसरले.

हर्षालीने हिरवं बटण दाबलं.

पलीकडे एक मॅडम. गोड आवाज आणि फाडफाड इंग्रजी. हजारो नावांतून एक नाव लवकरात लवकर कसं शोधशील? का? नावं दुप्पट झाली तर? हर्षालीची जीभ इंग्रजीत चालू झाली. डोळे मात्र मराठीतच राहिले. रविनाचा ओठ मुडपतोय, आता भोकाड पसरेल. नाही, आत्याने गुळाचा खडा तोंडात दिला. मामा अजून तसेच आहेत. उचललेली पायली खाली ठेवत नसतात, म्हणून म्हातारा माणूस ती धरून उभा आहे. माझ्यापायी. आता वर्षभर म्हैस आटली तरी हर्षालीचा फोन, कोंबडी मेली तरी हर्षालीचा फोन.

“छान,” मॅडम म्हणाल्या. “आता तुझा प्रोग्रॅम एकेक पायरीने चालवून दाखव. मोठ्याने बोल. मोजणी कुठून सुरू होते?”

तिची नजर पायलीवर खिळलेली होती.

“लाभ,” ती म्हणाली.

तो शब्द घरच्या कर्त्या माणसाचा. पहिली पायली पोत्यात पडताना तोच म्हणणार, दुसऱ्या कुणी म्हणायचा नाही. हर्षालीने जीभ चावली. त्याच क्षणी मामांनी पायली उलटी केली आणि भात सळसळत पोत्यात गेलं. संपलं, तिला वाटलं. मामांचा धीर सुटला.

“काय म्हणालीस?” पलीकडून आवाज आला.

“सॉरी मॅडम. शून्य. शून्यापासून.” तिचे कान तापले. आता लपवायचं तरी काय? “आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत. ‘लाभ’ म्हणतात, मग दोन, तीन. मी... मी खळ्यावर उभी आहे, मॅडम.”

रेंज गेली की काय म्हणून तिने फोन कानावर दाबला. तेवढ्यात मॅडम खळखळून हसल्या.

“अगं, मग बरोबरच आहे की! आपला कॉम्प्युटर तरी कुठे एकापासून मोजतो? चल पुढे.”

ती पुढे गेली. मग कुठे अडली नाही, चाचरली नाही. शेवटी मॅडम म्हणाल्या, “सोमवारी पुण्याला ये. बाकीचं समोरासमोर.”

फोन बंद झाला. खळ्यावर अजून सगळे मुके. हनुमानचे गाल फुगले होते. रागाने की कशाने, ते तिला कळेना.

“मामा,” ती म्हणाली, “पुण्याला बोलावलंय. पण चुकलं माझं. राशीवर बोलले मी. रास मोडली ना?”

मामा वाकले, राशीत पायली खुपसून त्यांनी ती शिगोशीग भरली. मग मान वर करून पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं, आणि पांढऱ्या मिशा दोन्ही बाजूंना ताणल्या गेल्या. मघाशी पहिली पायली ओतताना ते काहीच बोलले नव्हते. ‘लाभ’ तिने म्हटलं होतं, त्यांनी बोलायचं उरलंच नव्हतं.

पायली पोत्यात रिकामी करत, साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात मामा म्हणाले,

“दोन!”