गार भिंत

“अगं, भिंत जिवंत आहे. खरवडाल तर नाकात जाईल,” सासूबाई म्हणाल्या होत्या. इरावती हसली होती. घर गार ठेवणारी बुरशी सगळ्यांच्याच भिंतींवर होती. बाळाच्या खेळण्यांची फळी ठोकायला तिच्या नवऱ्याने, मंदारने, ती खरवडली.

आता त्याचं डोकं सतत दुखत होतं, आणि स्कॅन वाचणाऱ्या यंत्राला त्याच्या मेंदूत गाठ दिसत होती. “ट्यूमरच. यंत्र चुकत नाही, ताई,” डॉक्टर म्हणाले.

“यंत्राने विचारलं का, घरी भिंत कुणी खरवडली? तुम्ही तरी विचारलंत? किरणोपचार राहू द्यात, आधी सुईने गाठीचा तुकडा काढून तपासा!” सासूबाईंचं बोलणं आठवून इरावती कडाडली.

तुकड्यात बुरशी निघाली. मंदार वाचला. इरावतीचा संताप मात्र उतरेना. खालचे सामंतकाका याच यंत्राच्या शब्दावर ट्यूमरचे किरणोपचार घेता घेता वारले होते. त्यांचीही भिंत खरवडलेली होती.

तुमच्या शेजारी कुणाचं डोकं सतत दुखतंय? उठा, त्यांची भिंत बघून या.