तारखांचं कार्ड

फ्रिजच्या दारावरून ते पिवळं कार्ड सासूबाईंनीच काढलं होतं. दर सहा महिन्यांनी तपासणी, अशा तारखा त्यावर होत्या. शैलजाचा कॅन्सर बरा झाला होता आणि तिच्या लेकीला बघायला पाहुणे यायचे होते. "दवाखान्याचा कागद दिसला तर स्थळ जाईल," त्या म्हणाल्या. दीर म्हणाले, "लग्न उरकू दे, मग तपासण्या."

लग्न थाटात पार पडलं, दीड वर्षानं.

आज डॉक्टरांनी नवा रिपोर्ट वाचून शैलजाच्या नवऱ्यापुढे ठेवला. "आजार लिव्हरमध्ये पोचलाय. तीन तपासण्या बुडवल्यात. कुणी ठरवलं हे?"

"आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं," नवरा म्हणाला.

शैलजाला ती बैठक आठवली. त्या सगळ्यांसाठी ती आत चहा टाकत होती. तपासणी चुकली तर काय होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं.

"पुढचं काय ते घरी बोलून कळवतो," म्हणत नवरा उठला.

ती खुर्चीतून हलली नाही. "तुम्ही व्हा पुढे," ती त्याला म्हणाली. "डॉक्टर, काय ते मला सांगा."

डॉक्टरांनी रिपोर्ट पहिल्यांदाच तिच्याकडे वळवला. ठरवण्यासारखं आता फारसं उरलं नव्हतं.