पिवळ्या फुलांचे ग्लास

“पाहिलंय कोणी?” किनने विचारलं.

“त्यात काय बघायचंय?” बिसेंते म्हणाला. “साखर उतरते, मी पडतो, मग उठतो. झालं.”

“टुन बेन, तुम्ही पडता हे तुम्हीच सांगून नाही चालत. डोळ्यांनी बघणारं माणूस लागतं. त्याची सही लागते.”

किन अमेरिकेच्या गुआम बेटावरच्या माजी सैनिकांचे अर्ज भरून द्यायचा. कुठल्याही म्हाताऱ्याशी तो ‘टुन’ लावूनच बोलायचा आणि बिसेंतेला सारं गाव बेन म्हणायचं. व्हिएतनामच्या जंगलात अंगावर उडालेल्या, झाडं मारायच्या विषारी फवाऱ्याने कित्येक वर्षांनी बिसेंतेच्या रक्तात साखर आणून ठेवली होती. सरकारला ते मान्य होतं, त्याचा भत्ताही चालू होता. पण आता इन्सुलिनमुळे एखाद्या सकाळी साखर एवढी खाली जायची की त्याचं भानच हरपायचं. हे सिद्ध झालं तर घरात मदतीला माणूस ठेवण्याइतका भत्ता वाढणार होता. नाही झालं, तर ख्रिसमसला मोठा मुलगा येऊन त्याला सान डिएगोच्या वृद्धाश्रमात नेणार होता. पोराने तिकीटसुद्धा काढून ठेवलं होतं.

“घरात कोण असतं?”

“मी. आणि पाली.”

“पालीची सही चालत नाही. शेजारी?”

“रुफिना?” बिसेंते खुर्चीतून उठलाच. “ती बया माझ्या मयताच्या कागदावर हसत हसत सही करील. तिच्या दारात जायचं नाही, किन. सांगून ठेवतो.”

भांडण कुंपणाचं होतं आणि बारा वर्षांचं होतं. बिसेंतेने तार ठोकली, रुफिना म्हणाली दोन हात आत ठोकली, आणि जे बोलणं तुटलं ते तुटलं. राहिलं ते ओरडणं. रोज सकाळी साडेसहाला ती कुंपणाशी येऊन उभी राहायची.

“अरे ए म्हाताऱ्या! तुझ्या नीरफणसाची पानं पडलीत माझ्या अंगणात!”

“मग भाजून खा, चेटकिणी!” तो आतून ओरडायचा.

अलीकडे तर ती ताळच सोडून बसली होती. वारा नसो, एक पान पडलेलं नसो, हाक ठरलेली. दिवसभरात बिसेंतेच्या तोंडून माणसाशी निघालेले शब्द बहुधा तेवढेच असत.

घरी परतल्यावर त्याने फडताळ उघडलं. आत काचेचे सात ग्लास होते, पिवळ्या फुलांचे. ज्या सकाळी तो पडायचा, त्या सकाळी जमिनीवर किंवा खुर्चीत शुद्धीवर यायचा. तोंडात आंबटगोड चव असायची आणि शेजारी असा एक रिकामा ग्लास. हे ग्लास घरात कधी आले ते त्याला आठवत नव्हतं. बायकोने, डोलोरेसने, कुठल्यातरी पेटीत जपून ठेवले असतील. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. पण भान सुटल्यावरही आपला हात तिच्याच वस्तूकडे जातो, तिच्यासारखंच सरबत करून घेतो, याचं त्याला बरं वाटायचं. त्या सकाळी घर तेवढं रिकामं वाटत नसे. हे त्याने किनला सांगितलं नव्हतं. असलं काही अर्जात कुठे लिहिणार?

आठ दिवसांनी किनने त्याला बोलावलं. टेबलावर रुफिनाची सही असलेला कागद होता.

“गेलास ना शेवटी!”

“माझ्या आईची मावसबहीण आहे ती. मी सरबत प्यायला गेलो होतो,” किन म्हणाला. “आधी ऐका, मग मला मारा.”

आणि तो वाचू लागला.

“अर्जदाराला किती वेळा भेटता? रोज, सकाळी साडेसहाला.

“त्याला त्रास होतो हे कसं कळतं? मी ओरडते. तो उलट शिवी घालतो. ज्या दिवशी घालत नाही, किंवा घालताना त्याची जीभ जड येते, त्या दिवशी मी मागच्या दाराने आत जाते. कलमन्सी लिंबाचं सरबत पाजते, साखर जास्त घालून. तो मला डोलोरेस म्हणतो. मी ओ देते. डोळे नीट उघडायला लागला की निघून येते, नाहीतर भांडेल.

“असं किती वेळा झालं? मी लिहून ठेवलेलं नाही. माझे पिवळ्या फुलांचे ग्लास त्याच्या घरी आहेत, ते मोजा.”

किनने कागद खाली ठेवला. “याला आता कोण नाही म्हणतंय ते बघू. पण टुन बेन, ग्लास किती आहेत?”

“सात,” बिसेंते म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पहाटेच उठला. बोटाला सुई टोचून साखर पाहिली. अगदी ठीक होती. सातही ग्लास त्याने घासले, पुसले आणि टेबलावर मांडले. मग एका खुर्चीवर बसला, समोरची दुसरी खुर्ची ओढून ठेवली.

साडेसहाला कुंपणापलीकडून हाक आली.

“अरे ए म्हाताऱ्या! पानं!”

शिवी ओठांवर आली होती. त्याने ती गिळली आणि मागच्या दाराकडे बघत गप्प बसून राहिला.