दोन नवे भाग

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण आपल्याला थापा मारायची सवय नाही!

ऑफिसच्या सर्व्हर-रूममध्ये सर्व्हरची डिस्क बदलून मी कॉन्फिगरेशन, म्हणजे यंत्राला जोडलेल्या भागांची यादी, सुधारायला बसलो. पडद्यावर आलं, ‘दोन नवे भाग सापडले.’ एक डिस्क. दुसऱ्यापुढे माझं लाडाचं नाव, जे फक्त आईला ठाऊक होतं.

खोडलं, तर परत आलं. पळायला गेलो, तर खोलीचं दार उघडेना. पडद्यावर ओळ उमटली, ‘यंत्र चालू असताना भाग काढता येत नाही.’ यंत्र बंद करायचं बटण दाबून दाबून बोट सुजलं, पण त्याचे पंखे घरघरतच राहिले. ते दार अजून उघडलेलं नाही.

“काका, थाप पकडली!” गोष्ट ऐकणारी पुतणी हसत मला बिलगली. “दार उघडलंच नाही, तर तुम्ही इथे कसे?”

मग माझ्या छातीला टेकलेला कान तिने हळूच काढला.

“काका, तुमच्या आत पंखा घरघरतोय.”