जातील दोघे, येईल एक

अप्पांच्या ऑपरेशनच्या सकाळी मी गुलबर्ग्याच्या स्टँडवरून कन्नड साप्ताहिकाचा अंक आणला. त्यात आमच्या अंतराळ-कादंबरीचा शेवटचा भाग होता. काळ्या सूर्याकडे निघालेल्या कप्तानाला आणि त्याच्या लेकीला यानातल्या यंत्राने भाकीत सांगितलं होतं, "जातील दोघे, येईल एक." त्यावरून मी आणि अप्पा सहा वर्षं भांडत होतो.

मी चिटगुप्प्याच्या मराठी शाळेतली. कन्नड बोलते, पण वाचता येत नाही. दर आठवड्याला अप्पाच अंक समोर धरून मराठीतून वाचून दाखवायचे.

"कप्तानच येणार, अप्पा. त्याच्याबिगर यान कोण चालवणार?"

"पोरीनं शिकलंय की समदं. म्हाताऱ्याला माघारी आणून काय करायचंय?"

डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. त्या दिवशी मला कप्तान परत यायलाच हवा होता.

स्ट्रेचर दाराशी आलं. अप्पांनी घाईने शेवटचं पान काढलं, चष्मा सावरला, मनातल्या मनात वाचलं. मग मोठ्याने म्हणाले, "यानाचं दार उघडलं. पोरगी एकटीच खाली उतरली." आणि हसले. "हरलीस की न्हाई, रेणू?"

"असलं कामून वाचायलाव आज?" मी चिडून अंक ओढून घेतला.

दुपारी अप्पा गेले.

तीन महिन्यांनी मी तो अंक शेजारच्या सिद्धम्माक्कांपुढे धरला. त्यांनी शेवटचं पान कन्नडमधूनच वाचलं. मी पुन्हा वाचायला लावलं.



यानातून कप्तान एकटाच उतरला होता.