राहिलेलं नाव

युद्धाच्या पन्नाशीसाठी स्मारकाचा दगड इतका घासला होता, की वर बसलेली माशी घसरून पडावी. शहीद जवानांची राहून गेलेली नावं कोरणार म्हणून म्हातारी भावाचं नाव सांगायला स्मारकाचं काम बघणाऱ्या साहेबांकडे गेली.

"आजी, युद्ध थांबल्यावर आठवड्यानं वारला तो, इस्पितळात. नियमात बसत नाही."

"अहो, पण गोळी लढतानाच लागली ना!"

"लागली असेल. मरायला उशीर केला त्यानं."

सोहळ्याला सकाळपासून सगळे उन्हात करपले. पाहुणे उगवले ते सूर्य कलल्यावर. त्यांनी पडदा ओढला. दगडावर सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, अनावरण करणाऱ्या पाहुण्यांचंच नाव!

टाळ्या थांबायच्या आत म्हातारी कडाडली, "साहेब, ह्यांचा उशीर कसा बसला हो तुमच्या नियमात?"